भिंतीकडचा पाय

पुलाच्या अलीकडे, मातीचा रस्ता संपून जिथं दगडी फरशी सुरू होते, तिथं तांबडी घोडी थांबली. नुसती थांबली नाही. डावा पुढचा पाय जरासा पुढं टाकला, टाच उचलली, आणि तो पाय आपला नव्हेच अशी उभी राहिली.

नालबंदानं लगाम सैल सोडला. मागं गाडीत ऐरणीशेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या मुलीनं मान वाकडी करून पाहिलं.

"पुन्हा?"

"गप बस."

"पण बाबा, मागच्या महिन्यात पण हिनं—"

"भिंगरे, गप म्हटलं ना?"

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. चालायला लागली त्या दिवसापासून ती एका जागी म्हणून टिकली नाही, तेव्हा आईनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. यंदा पायांच्या जोडीला जीभही सुटली होती. महिन्यापूर्वी गुरुजींनी फळ्यावर गणित चुकवलं, चाळीस पोरं ते चुकीचं गणित मुकाट उतरवून घेत होती, आणि ही उभी राहून म्हणाली, "गुरुजी, तिसऱ्या ओळीत हातचा राहिला." गुरुजींनी चष्मा वर केला, फळ्याकडं पाहिलं, म्हणाले, "बरोबर," आणि पुसून टाकलं. आभाळ काही कोसळलं नाही. चूक दाखवायची, समोरच्यानं पुसायची, झालं. इतकं सोपं असतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून तिला गप बसवणं ही घरातली एक रोजचीच मेहनत होऊन बसली होती.

नालबंद खाली उतरला. तांबडीच्या खांद्यावरून तळवा फिरवत खाली आणला, कोपरापर्यंत दाबून पाहिलं. जनावराच्या कातडीवर एक लहर येऊन गेली.

"खांदाच," तो म्हणाला. "खांद्यातच धरलंय पुन्हा."

पुन्हा म्हणजे चौथ्यांदा. थंडी पडल्यापासून हे असंच चाललं होतं. घोडी लंगडायची, दहाबारा दिवस खांदा शेकायचा, घोडी चांगली व्हायची, गाडी ओढायची, आणि सगळं विसरतोय तोवर पुन्हा एका सकाळी पाय उचलून उभी. आणि हे दिवस नेमके कामाचे. मळणी उरकली होती, धान्याची वाहतूक सुरू झाली होती, वाड्यावाड्यांवरची घोडी दगडी रस्त्यावर येऊन त्यांचे नाल झिजत होते. नालबंदानं ऐरण घेऊन फिरायचं ते याच दिवसांत. त्यात पलीकडच्या बाजूनं एक मोटरसायकलवाला नालबंद यायला लागला होता. डिकीत सामान, फटफट करत दारात हजर. त्याच्या मोटरसायकलचा खांदा काही धरत नव्हता.

"जा, आईला बोलव," नालबंद म्हणाला. "हातगाडी घेऊन ये म्हणावं."

आई आली. ऐरण हातगाडीवर चढवताना नालबंदाच्या मानेची शीर टरारून फुगली. आईनं दोर खांद्यावरून घेतला, नालबंदानं मागून रेटा दिला, आणि मोकळी गाडी पुलाशी सोडून दोघं फरशीवरून निघाली. भिंगरीनं तांबडीला घराकडं वळवलं. तीन पायांचं चालणं ते. डोकं वर, डोकं खाली, डोकं वर. वाटेत पाणवठ्यावर भांडी घासत बायका बसल्या होत्या.

"वरातीमागून घोडं ऐकलं होतं गं," त्यातली एक म्हणाली, "इथं घोडं घरी आणि वरातच गाडी ओढत पुढं!"

"नालबंदाची घोडी लंगडी!" दुसरी म्हणाली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

सगळ्या हसल्या. भिंगरीला एरवी उत्तर सुचलं असतं, एकाला दोन सुचली असती. पण तांबडीचा गरम श्वास तिच्या मानेवर येत होता, आणि प्रत्येक पावलाला तो अडकत होता. ती तशीच पुढं चालत राहिली. शाळेत तिला उशीर झाला तो झालाच.

संध्याकाळी चुलीवर पाणी उकळलं. पोतं बुडवायचं, पिळायचं, खांद्यावर टाकायचं, निवलं की पुन्हा. आईचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते आणि खांद्यावर दोराचा वळ उठला होता, बोटाएवढा जाड. नालबंद उंबऱ्यावर बसून पायांची नखं पाहत होता.

"दलालाला निरोप दिलाय," तो म्हणाला. "शनिवारी येतोय."

आईच्या हातातलं पोतं तसंच राहिलं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"कशाला येतोय?" भिंगरीनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. लंगडी घोडी दलाल कुठं नेतो हे या वस्तीत दूधपितं पोरसुद्धा सांगेल. तिथं गेलेलं जनावर परत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"नऊ वर्षांची आहे ती," आई हळूच म्हणाली. "शिंगरू होती तेव्हा अंगणात भिंगरीच्या पाठोपाठ धावायची."

"मग काय करू? तू जन्मभर गाडी ओढणारेस का?" नालबंदाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "चार महिने झाले शेकतोय. खांदा गेला तिचा. गेलेला खांदा येत नसतो."

"पण बाबा, खुरात काही असलं तर? आपण खूर बघितलाच नाही."

नालबंदानं मान वर केली. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त चकित झाला होता, कुणी तोंडावर भलतंच काही बोलावं तसा.

"खुरात काय असणार?" तो म्हणाला. "नाल मी मारलाय."

तीस वर्षं त्या हातानं नाल मारले होते. त्या हाताचा खिळा चुकला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, माणसानं नाही आणि घोड्यानंही नाही.

बुधवारी शाळा अर्ध्या दिवसाची. भिंगरी परस्पर दूधवाल्याच्या गोठ्यावर गेली. आईला तेवढाच मागून रेटायला एक हात. ऊन माथ्यावर आलं होतं. अंगणात जळक्या खुराचा वास भरून राहिला होता आणि दूधवाल्याचा काळा घोडा कान पाडून उभा होता. नालबंद त्याचा पाय दोन गुडघ्यांत धरून वाकला होता, तोंडात चार खिळे.

"उजेडाकडं घ्या जरा," तो ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला.

दूधवाल्यानं घोडा वळवला.

"अजून थोडा."

"अहो नालबंद, पूर्वी घोडं कसंही उभं असू दे, तुमचा हात चालायचा. आता मुहूर्त बघून उभं करायला लागतं होय?"

नालबंद हसला नाही. भिंगरी ऐरणीच्या सावलीत उकिडवी बसून बघत होती. लहानपणापासून हजारदा पाहिलेलं काम. पण ते नुसतं डोळ्यांपुढून गेलेलं असतं. बघायचं म्हणून बघितलं की वेगळंच दिसतं. बाबा खिळा नालाच्या भोकात ठेवायच्या आधी अंगठा खुराच्या कडेवरून फिरवत होता. एकदा, दोनदा. खुराच्या तळाला कवच आणि आतलं नाजूक यांच्यामध्ये एक पांढरी रेघ असते; खिळा त्या रेघेच्या बाहेर राहायला हवा, आत गेला की जिवाला लागतो. ती रेघ बाबा बघत नव्हता. चाचपत होता.

आणि आई. आई बाजूला उभी राहून एकेक खिळा त्याच्या तळहातावर ठेवत होती. पूर्वी सगळे खिळे एका डब्यात असायचे, तो हात घालून हवा तो काढायचा. आता मापामापाच्या वेगळ्या तीन डब्या होत्या. कधीपासून होत्या? भिंगरीला आठवेना.

"तुमच्या घोडीला नाल कधी मारता मग?" दूधवाल्यानं गंमतीनं विचारलं. "तिला मुहूर्त मिळतो का नाही?"

"सगळ्यांचं उरकल्यावर," नालबंद म्हणाला. "माझा बाप सांगायचा, नालबंदाची घोडी सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाचं जनावर ताटकळत उभं असताना आपलं पुढं घ्यायचं नाही. अंधारून आलं तरी चालेल, पण आपलं शेवटी."

"वा! म्हणून तर तुमच्याकडं येतो."

अंधारून आलं तरी चालेल. परतताना हातगाडी रेटता रेटता ते शब्द भिंगरीच्या डोक्यात चाकासारखे फिरायला लागले. मागच्या गुरुवारी अंधारूनच आलं होतं. तबेल्यात तांबडीचं डोकं तिनंच धरलं होतं. तबेला कसला, एका घोडीपुरता आडोसा. दार उजव्या अंगाला आणि डावं अंग भिंतीला. उजेड यायचा तो दारातून, तो घोडीच्या पोटाआड अडायचा. उजवे दोन्ही पाय झाले, मागचा डावाही झाला. भिंतीकडचा पुढचा पाय शेवटी. ती म्हणाली होती, "बाबा, कंदील आणू?" आणि बाबा म्हणाला होता, "हात आहेत ना."

गुरुवारी नाल. सोमवारी लंगडी.

त्याच्या आधी? निबंधस्पर्धेला ती पायी गेली होती, कारण तांबडी लंगडत होती. आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवे नाल मारले होते, टापांचा आवाज कसा खणखणीत येतो असं तिनं निबंधातसुद्धा लिहिलं होतं. त्याच्याही आधी वाऱ्यानं पत्रा उडाला तेव्हा. पत्रा उडाला त्या संध्याकाळी बाबा तबेल्यात नालच मारत होता. हातोडी टाकून धावला होता. पहिल्यांदाही तसंच, नाल मारल्यावर तीनचार दिवसांनी. चार वेळा लंगडी, चार वेळा नाल, चार वेळा तोच पाय.

गणित तिसऱ्या ओळीत चुकलं होतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. एक क्षण झालाही. पाय थबकले, तोंड उघडलं. पुढं बाबाची पाठ होती, घामानं सदरा चिकटलेला, मान खाली घालून दोर ओढणारी. तिनं तोंड मिटलं.

"काय गं? दमलीस?" आईनं विचारलं.

"नाही."

भिंगरीच्या तोंडून एका शब्दाचं उत्तर आलं, तशी आईनं वळून तिच्याकडं पुन्हा एकदा पाहिलं.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळेला नालबंद एकटाच, हातोडी आणि पक्कड पिशवीत घालून, कुणाचा तरी निघालेला नाल बसवायला गेला. भिंगरीनं तांबडीला तबेल्यातून अंगणात आणलं. ऊन लागल्याबरोबर घोडीनं अंग झाडलं. भिंगरीनं डाव्या खुराला हात लावला, मग उजव्याला, मग पुन्हा डाव्याला. डावा तापलेला होता. चहाच्या कपासारखा.

तिनं पाय उचलून बाबासारखा गुडघ्यांत धरला. जड होता, तिच्या मांड्या थरथरल्या. घरातल्या छोट्या हातोडीनं तिनं खिळ्यांच्या डोक्यांवर एकेक टिचकी मारली. आतल्या बाजूचे तीन, काही नाही. बाहेरचा पहिला, काही नाही. दुसरा. तिसरा—

तांबडीनं पाय असा हिसकला की भिंगरी धुळीत बसकण मारून पडली आणि खूर तिच्या कानाजवळून गेला. घोडी थरथरत उभी राहिली. पांढरं दिसावं इतके डोळे फिरवले होते, पण जागची हलली नव्हती. पोरगी पायाशी पडली आहे हे तिला कळत होतं.

"लागलं का?"

आई दारात होती. कधीपासून, कोण जाणे.

"मला नाही," भिंगरी म्हणाली. "तिला लागलंय. आई, खिळा आहे. बाहेरून तिसरा. खांद्याला काहीएक झालेलं नाही. चार महिने आपण भलतीकडंच शेकतोय!"

आई पायरीवर बसली. पदरानं उगाचच कोरडं तोंड पुसलं.

"डोळ्यांचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "वर्ष झालं. संध्याकाळी ताटातलं त्यांना दिसत नाही. मी वाढताना सांगते, हे इकडं आहे, ते तिकडं. तुला वाटायचं आई बडबडते."

"आणि तू बोलली नाहीस?"

"त्यांनी बोलू दिलं नाही. डोळ्यांचं तोंडात आणलं की उठून जायचे. पण घोडीचं मला माहीत नव्हतं गं. शपथ. दिवसा सगळं नीट करतात, म्हटलं चाललंय तर चालू दे." ती तांबडीकडं बघत राहिली. "सांगू नकोस त्यांना."

"आई!"

"पोरी, गायकाचा गळा जावा तसं आहे हे. आपल्याच हातानं आपलीच घोडी... हे कळलं तर तो माणूस उद्या दुसऱ्याच्या घोड्याला हात लावेल का? आणि नाही लावला तर मग काय राहिलं त्याच्याकडं?"

"आणि उद्या सकाळी दलाल येईल तेव्हा तिला काय सांगू?" भिंगरीनं तांबडीकडं बोट केलं. "की बाबांना वाईट वाटू नये म्हणून तू जा?"

आई उठली, आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. गुरुजींनी फळा पुसला तेव्हा गुरुजींचं काय गेलं होतं? खडूची धूळ. भिंगरीनं तांबडीचा पाय अलगद जमिनीवर ठेवला. पहिल्यांदाच तिला एक गोष्ट पक्की माहीत होती आणि ती बोलायची इच्छा नव्हती.

सकाळ उजाडली. नालबंद तोंड धुऊन आला तेव्हा तांबडी अंगणाच्या मधोमध उभी होती, डावं अंग उगवत्या उन्हाकडं केलेलं. दावं भिंगरीच्या एका हातात, दुसऱ्या हातात पक्कड आणि छोटी हातोडी.

"ही बाहेर कशाला?"

"बाबा, एकदा पाय बघा तिचा. उजेडात."

"अगं, खांदा—"

"खांदा नाही." तिनं रात्रभर चांगली वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "बाहेरून तिसरा खिळा. तुम्ही बघा. मी चुकले असेन तर दलालाच्या हातात दावं मीच देते."

"मला नाल शिकवतेस?" नालबंद हळू आवाजात म्हणाला. त्याचा हात उठला. भिंगरी मागं सरली नाही, फक्त डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा हात हवेतच होता, आणि बाबा तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या मागं दाराकडं बघत होता.

"बघा," आई म्हणाली.

एवढंच. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं त्याला अशा आवाजात काही सांगितलं नसावं. नालबंदानं हातोडी घेतली.

वाकून त्यानं पाय उचलला. पहिला खिळा. दुसरा. तिसऱ्याला टिचकी मारली आणि घोडी कण्हली. घोडी कण्हते ते भिंगरीनं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पण नालबंदाच्या गुडघ्यांतून पाय सुटला नाही. तो तसाच वाकून राहिला. मग त्यानं पक्कड मागण्यासाठी हात मागं केला, भिंगरीनं ती हातात दिली, आणि त्यानं खिळ्याचं मुरडलेलं टोक सरळ करून खिळा हळू, सरळ रेषेत, बाहेर ओढला.

खिळ्यामागून काळं पाणी आलं. आधी थेंब, मग धार. घाण वास सुटला. तांबडीनं मोठा श्वास सोडला, नाकपुड्या फडफडवल्या आणि मान खाली टाकली.

नालबंदानं खिळा बोटांत धरला, अंगठ्यानं चाचपला, नाकाशी नेला. डोळ्यांसमोर धरलाच नाही.

"काय नालबंद!" फाटकातून आवाज आला. दलाल होता, हातात नवा कोरा दोर. "घोडं कुठं पेंड खातं ते सापडलं वाटतं?"

"सापडलं."

"खांदाच ना? मी म्हटलं होतं."

"नाही," नालबंद ताठ उभा राहिला. काळ्या पाण्यानं भरलेला उजवा तळहात त्यानं दलालासमोर धरला. "हात."

दलाल हसायला गेला, मग हसला नाही. एकदा हाताकडं, एकदा जमिनीवरच्या ओल्या डागाकडं पाहिलं. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही.

"म्हणजे घोडी द्यायची नाही."

"घोडीला काही झालेलं नाही. नालबंदाला दिसत नाही. जाताना चारचौघांत सांगा, नाहीतर मलाच फिरून सांगत बसावं लागेल."

दलालानं दोर काखेत मारला. जाताना फाटक त्यानं हळूच लावून घेतलं.

दलालानं सांगितलं का नालबंदानं, कुणास ठाऊक, पण चार दिवसांत सगळीकडं कळलं. एक वखारवाला मोटरसायकलवाल्याकडं गेला. मग त्याच्या ओळखीचे दोघं गेले. पाणवठ्यावरच्या बायका मात्र भिंगरी दिसली की गप व्हायला लागल्या, आणि तिला वाटलं, यापेक्षा त्या हसत होत्या तेच बरं होतं. दूधवाला आला, बराच वेळ अंगणात इकडचं तिकडचं बोलला, आणि उठताना म्हणाला, "माझा घोडा दुपारीच आणत जाईन. ऊन असतं तेव्हा." नालबंदानं मान हलवली. त्या आठवड्यात तो कुणाशीच फारसं बोलला नाही. सकाळ-संध्याकाळ बादलीत कोमट पाणी आणि मीठ घेऊन तांबडीचा खूर त्यात धरून बसायचा. घोडीची हनुवटी त्याच्या पाठीवर टेकलेली असायची. भिंगरी जवळ गेली तर तो सरकून जागा द्यायचा, पण नजर द्यायचा नाही. आपण खरं बोललो याचं तिला एकदाही बरं वाटलं नाही. तांबडी टाप पूर्ण टेकून उभी राहिली त्या सकाळीसुद्धा फक्त रडू आलं.

अकराव्या दिवशी घोडी फरशीवरून चालवून पाहिली. डोकं सरळ. टाप, टाप, टाप, टाप, चारही सारख्या.

रविवारी भर दुपारी नालबंदानं तिला अंगणाच्या मधोमध बांधलं. फाटकाशी एक गिऱ्हाईक घोडा घेऊन थांबलेलं होतं.

"थोडं थांबावं लागेल," नालबंद त्याला म्हणाला. "आधी घरची आहे."

मग त्यानं डावा पुढचा पाय उचलून गुडघ्यांत धरला, नाल बसवला, आणि हातोडी भिंगरीपुढं केली.

"मी?"

"रेघ दिसते ना तुला?"

"दिसते."

"मग मार. बाहेरच्या अंगाला. टोक बाहेर झुकतं धर. घाई नाही."

तिनं खिळा ठेवला. पहिला घाव, दुसरा. ठण, ठण. हातोडी कानात वाजत होती.

"चांगला. पुढचा."

ठण. ठण. ठप्—

"थांब. काढ तो."

"का? रेघेच्या बाहेरच तर आहे."

"आवाज बसला. कवचात जातो तेव्हा वाजतो. आत वळला की मुका होतो. तुझ्या डोळ्यांआधी कानाला कळतं ते. काढ."

तिनं खिळा काढला, दुसरा घेतला, जरा बाहेर झुकवून ठेवला. ठण. ठण. ठण. बाबानं मान हलवली. त्याचे डोळे मिटलेले होते. हातोडी तिसऱ्या भोकावर आली आणि भिंगरी थांबली. तोच खिळा, बाहेरून तिसरा. विचारू नये असं तिला वाटलं, आणि जीभ थांबली नाही.

"बाबा, मग त्या वेळी... तबेल्यात मारताना... तुम्हाला हा आवाज ऐकू आला नव्हता का?"

नालबंद खूर धरून वाकलेलाच होता. त्याच्या पाठीवर, सदऱ्याच्या ओल्या कापडावर, तांबडीनं हनुवटी टेकवली होती. फाटकाशी उभ्या घोड्यानं पाय आपटला. आई हातात खिळ्यांची डबी घेऊन उभी होती, ती आता त्याच्याकडं बघत होती.

"आला होता," तो म्हणाला.

त्यानं खूर गुडघ्यांत जरा सावरून धरला.

"चारी वेळा आला होता. हं, मार."

भिंगरीनं खिळा ठेवला, टोक बाहेर झुकवलं, आणि मारला.

ठण.